नाथसागराच्या काठावर हिवाळ्यातले पक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की फोन सुरू होतात. "पक्षी आले का?" "लेकरांना कधी आणू?" "रोहित (फ्लेमिंगो) नक्की दिसतील ना?" गेली बरीच वर्षं दर हिवाळ्यात मी पैठणच्या आसपास पाण्याच्या काठाने फिरतो. लोक दर वर्षी तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही उत्तरं लांबली आहेत. त्या प्रश्नांना तेवढी जागा द्यायलाच हवी होती.

मराठवाड्याला समुद्र नाही. मग हा काठ कुठला?

पैठणच्या वरच्या अंगाला पाण्याजवळ उभं राहून पश्चिमेकडे बघा. पलीकडचा काठ दिसत नाही. वारा सुटला की लाटा दगडांवर आपटतात, आणि डिसेंबरात त्या लाटांवरून तपकिरी डोक्याचे कुरव घिरट्या घालत असतात. मुंबईच्या किनाऱ्यावर लोक ज्यांना सीगल म्हणतात, त्यांतलाच हा एक. लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर तो पिल्लं वाढवतो आणि हिवाळ्याला खाली उतरतो. समुद्र असो की धरण, मासे मिळाले की त्याचं भागतं.

हे पाणी म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, नाथसागर. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. जायकवाडी हे मूळचं बीड जिल्ह्यातल्या गावाचं नाव. धरण आधी तिकडे व्हायचं होतं, पुढे जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र तेच राहिलं. धरणाची भिंत जवळपास १० किलोमीटर लांब आहे, दरवाजे २७ आणि एकूण साठा १०२ टीएमसीच्या घरात. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचं क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर आहे आणि ते छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलं आहे.

आज आपण जिथे दुर्बीण लावतो, तिथे कुणाची तरी काळी जमीन आणि कुणाचं तरी घर पाण्याखाली गेलेलं आहे. काठावरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना हे ध्यानात असू द्या.

कोणत्या महिन्यात यावं?

धोबी पक्षी सप्टेंबरातच दिसायला लागतो. बदकं ऑक्टोबरच्या शेवटाला उतरू लागतात आणि नोव्हेंबरात त्यांचे थवे मोठे होतात. पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले राखाडी हंस) आणि करकोचे साधारण डिसेंबरात ठरलेल्या जागा धरतात. एकदाच येणं जमणार असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, एवढ्या दिवसांत या. थंडी असते, हवा स्वच्छ असते आणि पाणी पुरेसं उतरलेलं असतं.

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. त्या आठवड्यात कार्यक्रम पुष्कळ होतात, पण धरण भरलेलं असेल तर पक्षी लांब असतात. तेव्हा आलात आणि फारसं काही दिसलं नाही, तर जानेवारीत पुन्हा एकदा या.

धरण भरलं की पक्षी जास्त येतात ना?

सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत आहे. धरण काठोकाठ भरलं की आपल्याला आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याचं मोल सांगावं लागत नाही. पण पक्ष्यांचं गणित वेगळं आहे. काठावर येणाऱ्या बहुतेक पक्ष्यांचं ताट चिखलात वाढलेलं असतं. भरलेल्या धरणात पाणी दगडांना, बाभळींना आणि शेतांच्या बांधांना टेकलेलं असतं. तिथे चिखल नसतो आणि पाणी एकदम खोल असतं. चार-सहा इंच पायांच्या पक्ष्याने उभं कुठे राहायचं?

नाथसागर उथळ आहे, परातीसारखा. गोदावरीचं खोरं इथे सपाट असल्यामुळे पाणी हातभर उतरलं तरी काठ दूरवर मागे सरकतो. कालव्यांना पाणी सुटतं, शेतीच्या मोटारी चालतात, उन्हाने वाफ होते, आणि रोज थोडा थोडा ओला चिखल उघडा पडत जातो. त्यात किड्यांच्या अळ्या, कृमी, बारीक गोगलगायी, पाणवनस्पतींच्या बिया असतात. दोन दिवसांपूर्वी उघडा पडलेला चिखल सगळ्यात श्रीमंत. आठ दिवसांचा चिखल भेगाळतो आणि मग त्यावर फक्त टिटवी फिरते.

एकदा एकाच जागी तासभर बसून बघा, मग पंगत कळते. अगदी कडेला, जिथे पाणी नुसतं चकाकतं, तिथे छोटे टिलवे आणि कंठेरी चिखल्या. चिखल्याचं चालणं पाहण्यासारखं असतं. तुरुतुरु धावतो, गपकन थांबतो, टिपतो, पुन्हा धावतो. त्यांच्या पुढे दोन बोटं पाण्यात तुतवार. वीतभर पाण्यात शेकाट्या, त्याचे गुलाबी पाय इतके लांब की वाकताना सगळा पक्षी पुढे झुकतो. पाणटिवळा त्याच्याही पुढे जातो आणि सरळ लांब चोच डोळ्यांपर्यंत गाळात खुपसतो. मग चमच्या, चित्रबलाक, शराटी, आणि त्यापलीकडे रोहित. जिथे कुणाचेच पाय पुरत नाहीत तिथे बदकं. कुणाचा पाय किती लांब आणि चोच कशी, त्यावर कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं असतं. म्हणून एकमेकांच्या ताटात फारसं कुणी हात घालत नाही.

म्हणून मी नव्या माणसाला पहिली गोष्ट सांगतो ती ही, की पाण्याकडे बघू नका, पाणी आणि जमीन यांच्यामधली ओली पट्टी शोधा. ती रुंद असेल तिथे थांबा. अरुंद असेल तर पुढच्या गावाला चला.

पाऊस चांगला झालेल्या वर्षी ही पट्टी उशिरा उघडते, तेव्हा फेब्रुवारी-मार्च उत्तम. दुष्काळी वर्षी ती लवकर उघडते, पण तिच्यावर गुरं, माणसं, मोटारी आणि नांगर सगळेच एकदम उतरतात. २०१९ च्या उन्हाळ्यात धरणाचा जिवंत साठा संपला होता. चिखल हवा तेवढा होता, पण निवांतपणा कुठेच नव्हता.

नेमकं कुठे उभं राहायचं?

छत्रपती संभाजीनगरहून पैठण साधारण ५० किलोमीटर. पैठणच्या अलीकडे पिंपळवाडी आणि तिथून पुढे पाण्याच्या बाजूला वळणारे गावरस्ते, हा नेहमीचा भाग. सोनवाडीच्या बाजूलाही चांगला काठ मिळतो. पुणे रस्त्याने येणाऱ्यांनी कायगाव टोक्याला थांबावं. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते आणि पुलाच्या आसपासच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात चांगली वर्दळ असते. पुलावर मात्र गाडी थांबवू नका, वाहतूक जोरात असते.

नेमकं ठिकाण मी मुद्दाम सांगत नाही, कारण काठ जागेवर राहत नाही. गेल्या जानेवारीत जिथे पक्षी होते तिथे या जानेवारीत दहा फूट पाणी असू शकतं, नाहीतर हरभरा. गावात शिरल्यावर पहिल्या चहाच्या टपरीवर विचारा, "पाणी कुठपर्यंत उतरलंय?" मासेमारीला जाणारा कुणी भेटला तर त्याच्याकडून मिळालेली माहिती कुठल्याही नकाशापेक्षा ताजी असते.

धरणाची भिंत हा सुरक्षेचा भाग आहे. तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही आणि रखवालदाराशी हुज्जत घालू नये.

सकाळी जावं की संध्याकाळी?

सकाळी. जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी अर्धा तास काठावर असा. पाण्यावर धुई असते, काही दिसत नाही, पण ऐकू येतं. चक्रवाकाचा आवाज त्या धुईतून दोन-दोन किलोमीटर येतो.

उन्हाची दिशा फार महत्त्वाची. सूर्य पाठीशी हवा. पैठणच्या बाजूने सकाळी पाण्याकडे तोंड केलं की सूर्य आपोआप मागे येतो आणि रंग झळझळीत दिसतात. संध्याकाळी तिथेच उभे राहिलात तर सूर्य डोळ्यांत आणि सगळे पक्षी काळे. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग चांगल्या दुर्बिणीतूनही ओळख पटत नाही. तोवर भाकरी खायला बसावं.

हे पक्षी येतात तरी कुठून?

सगळेच बाहेरून येत नाहीत. हळदी-कुंकू बदक, शेकाट्या, नदी सुरय, चित्रबलाक, टिटवी हे आपल्याच देशातले. पाणी बघून इकडचे तिकडे होतात. बाहेरून येणारे मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात. हा मार्ग सायबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत ३० देशांवरून जातो आणि आपली गोदावरी त्यातल्या एका वळणावर आहे.

पट्टकादंबाची गोष्ट मला अजूनही भारावून टाकते. राखाडी अंगाचा हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. मंगोलिया, तिबेट, चिंगहाय इथे घरटं करतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. पाठीवर यंत्र बसवलेल्या पट्टकादंबांची ७,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर नोंद झालेली आहे. तिथल्या विरळ हवेत माणसाला चार पावलं टाकणं जड जातं. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन कमी प्राणवायूतही तो घट्ट धरून ठेवतं आणि श्वासही तो खोल घेतो. तो पक्षी सकाळी आठ वाजता धोरकीनच्या अलीकडे हरभऱ्याचे शेंडे खुडत असतो, आणि बांधावरून दूधवाला मोटारसायकल काढत असतो.

पहिल्याच फेरीत कोणते पक्षी ओळखता येतील?

वारकरी पहिला. काळं, गुबगुबीत अंग आणि कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा. यालाच चांदवा म्हणतात. पैठणला नाथांच्या गावी येऊन वारकरी बघितला की नाव विसरता येत नाही.

मग हळदी-कुंकू बदक. चोचीचं टोक पिवळंधमक, चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. ज्याने हे नाव ठेवलं त्याला दंडवत. इंग्रजी नावात नुसते ठिपके आहेत, आपल्या नावात आख्खा करंडा आहे.

थापट्या चोचीवरून ओळखा. चोच पुढे रुंद, थापीसारखी. मान पाण्याला टेकवून गोल गोल फिरत तो पाणी चाळत असतो. तलवार बदकाचं शेपूट लांब, टोकदार. भुवई बदकाच्या नराला डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी कमान. चक्रवाक दुरूनही कळतो, भगवा-केशरी रंग, बहुतेक जोडीने. रात्री त्यांची ताटातूट होते असं जुन्या काव्यात म्हटलंय. प्रत्यक्षात रात्री ते चरतात आणि अंधारात एकमेकांना हाका मारतात. त्या हाका ऐकल्या की ती कल्पना कुणाला का सुचली असेल ते समजतं.

आकाशात बघायलाही विसरू नका. एकाएकी सगळी बदकं उडाली, तर वर भोवत्या असतो. पंख किंचित वर उचललेले, गवतावरून हलकेच तरंगत जाणारा शिकारी. पाण्यात पाय पुढे करून धाडकन कोसळणारा दिसला तर तो ऑस्प्रे, मासेमार. मासा पायांत नेहमी डोकं पुढे असा धरून नेतो, वारा कमी लागावा म्हणून.

पहिल्या दिवशी दहा नावं पुरेत. साठ नावांची यादी घेऊन येणारे यादीच बघत राहतात.

रोहित नक्की दिसतील का?

खात्री कुणीच देऊ शकत नाही, आणि कुणी देत असेल तर त्याच्या गाडीत बसू नका. काही वर्षी मोठे थवे उतरतात, काही वर्षी पाच-पंचवीसवर समाधान मानावं लागतं. पाण्याच्या खोलीवर सगळं अवलंबून असतं.

दिसलेच, तर उडण्याची वाट बघू नका. खाताना बघा. एकदा बाभळीच्या आडून मी पाऊण तास एकच रोहित बघत होतो. मान खाली सोडून डोकं पूर्ण उलटं करतो, चोचीचा वरचा भाग खाली आणि खालचा वर. गळ्यापाशी बारीक धडधड दिसते, कारण जीभ पंपासारखी मागेपुढे होत पाणी आत ओढते आणि बाहेर टाकते. चोचीच्या कडांना गाळणीसारखे दाते असतात, त्यांत बारीक जीव अडकतात. मधूनच जागच्या जागी पाय मारत गोल फिरतो आणि गाळ ढवळतो. त्याच्या पायांमागे पाण्यात चहाच्या रंगाचा गोल उमटला होता.

गुलाबी रंग याच खाण्यातून येतो. राखाडी, मळकट रोहित दिसले तर ते आजारी नाहीत, पोरसवदा आहेत. कच्छच्या रणात वाढलेल्या पिल्लांना रंग चढायला काही वर्षं लागतात.

दुर्बीण लागतेच का? कोणती घ्यावी?

लागते. पक्षी लांब असतात आणि लांबच राहायला हवेत. ८×४२ आकड्याची घ्या. आठपट जवळ दिसतं आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून पहाटेच्या अंधुक उजेडातही पुरेसा प्रकाश येतो. १२ किंवा २० पटीची स्वस्त दुर्बीण हातात थरथरते, घेऊ नका. तिघाचौघांत एक टेलिस्कोप आणि तिपाई असेल तर चिखलातले बारीक पक्षी ओळखता येतात. मोबाईलवर ईबर्ड (नोंदी ठेवायला) आणि मर्लिन (पक्षी ओळखायला) ही दोन मोफत ॲप असू द्या.

कपडे, खाणंपिणं?

मातकट, हिरवे, करडे रंग. पांढरं आणि भडक नको. पहाटे स्वेटर-कानटोपी लागतेच, आपल्याकडे पारा एक आकड्यावर येतो आणि पाण्यावरचा वारा आणखी बोचतो. अकरा वाजता तेच सगळं काढून कमरेला बांधावं लागतं. पाणी, भाकरी, ठेचा घरून आणा आणि कचरा परत न्या. प्लॅस्टिकचा एक तुकडाही काठावर राहायला नको.

चिखलात उतरलं तर चालतं का?

नाही. वरून वाळलेली, भेगाळलेली पापडी दिसते आणि खाली मऊ गाळ असतो. एका फेब्रुवारीत मी अशाच पापडीवरून वीस पावलं पुढे गेलो आणि गुडघ्यापर्यंत खाली गेलो. पाय ओढावा तसा दुसरा रुतत होता. जवळ जाळं झाडणाऱ्या एका भोई काकांनी ओरडून सांगितलं, "आडवं पडा, पाय हलवू नका!" मी पालथा झालो, त्यांनी बांबू पुढे सरकवला. बूट आतच राहिला. ते नसते तर काय झालं असतं याचा विचार अजूनही येतो. गुरांच्या खुरांच्या ताज्या खुणा जिथपर्यंत आहेत, तिथपर्यंतच जा, आणि एकट्याने कधीच जाऊ नका.

पक्ष्यांच्या किती जवळ जावं?

मीटरमध्ये उत्तर देण्यापेक्षा पक्ष्याकडे बघा. तो खात असेल, पंख साफ करत असेल, एका पायावर झोपला असेल, तर तुमचं अंतर योग्य आहे. माना वर झाल्या, खाणं थांबलं, सगळे एका दिशेला चालू लागले, की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच खाली बसा किंवा सावकाश मागे या.

दोन हिवाळ्यांपूर्वी बाहेरगावचा एक गट मोटारबोट घेऊन थव्याच्या मधोमध गेला. उडतानाचा फोटो हवा होता. दोनेकशे पट्टकादंब उठले, घिरट्या घालून बसले, बोट पुन्हा वळली, पुन्हा उठले. असं चार वेळा. काठावर आम्ही सातजण होतो आणि सगळे ओरडत होतो, पण आवाज पोचत नव्हता. त्यानंतर कित्येक दिवस तो थवा त्या बाजूला आला नाही. या पक्ष्यांना मार्चच्या आत अंगावर चरबी चढवायची असते, तिच्या जोरावर ते हिमालय ओलांडतात. प्रत्येक फुकटचं उड्डाण त्या साठ्यातून जातं. फोटो कितीही देखणा आला तरी त्याची ही किंमत मला मान्य नाही.

ड्रोन उडवता येतो का?

नाही. हे अभयारण्य आहे. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका. वरून येणारी कुठलीही भिरभिरणारी वस्तू पक्ष्यांना शिकारीच वाटते.

काठावर शेती केलेली दिसते. तिथून चाललं तर चालेल?

पाणी उतरलं की गाळाची जमीन उघडी पडते आणि तिच्यात पेरणी होते. याला गाळपेर म्हणतात. हरभरा, गहू, कांदा, काय हवं ते उत्तम येतं. पिकात पाय टाकू नका, बांधानेच जा. शेतात कुणी असेल तर आधी "राम राम" करा, कशासाठी आलोय ते सांगा. बहुतेक वेळा "या की, चहा घ्या" हेच ऐकू येतं.

शेतकऱ्याची तक्रारही ऐका. पट्टकादंब आणि करकोचे पिकात उतरतात, हे खरं आहे. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे येतात, शेकड्यांनी, आणि कणसं रिकामी करतात. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या माणसाला "पक्षी वाचवा" असं शिकवायला जाऊ नका. त्याच्याशी बोलताना मी एवढंच सांगतो की याच भोरड्या टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात. पटलं तर पटलं. त्याचं नुकसान खरं असतं आणि ते मान्य करूनच पुढचं बोलता येतं.

मासेमारांचंही तसंच. थर्माकोलच्या तराफ्यावर पहाटे चार वाजता जाळं लावायला जाणारा माणूस या पाण्याला सगळ्यांपेक्षा जास्त ओळखतो. जाळ्यात कधी कधी वारकरी किंवा पाणकावळा अडकतो. जिवंत असेल तर सोडून द्या अशी विनंती करा, आरोप करू नका. माझ्या अनुभवात विनंती मानली जाते.

लहान मुलांना आणावं का?

जरूर. सात-आठ वर्षांपुढची मुलं दोन तास सहज रमतात. त्यांना नावं पाठ करायला लावू नका. चिखलातल्या पावलांचे ठसे दाखवा. बगळ्याची चार लांब बोटं, बदकाच्या पंजाचा पडदा, टिटवीची पुढे तीन बोटं. माझी भाची वहीत ठशांची चित्रं काढते आणि पक्षी नंतर शोधते. येळवशीला रानात वनभोजनाला जाणाऱ्या लातूर-धाराशिवकडच्या मंडळींनी जेवण झाल्यावर मुलांना जवळच्या तळ्यावर न्यावं. तो दिवस नेमका हंगामाच्या मध्यावर येतो.

मानेला पट्टा किंवा पायात कडी असलेला पक्षी दिसला तर?

तुमचं नशीब थोर. मंगोलियात रंगीत पट्टा बांधलेले पट्टकादंब भारतात अनेकदा आढळले आहेत. पट्ट्याचा रंग, त्यावरची अक्षरं-आकडे, जागा आणि तारीख लिहून घ्या, फोटो काढा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. ही संस्था १८८३ पासून काम करते आहे आणि देशात पक्ष्यांना कडी घालण्याचं मोठं काम तिनेच केलेलं आहे.

मेलेला किंवा जखमी पक्षी सापडला तर?

हात लावू नका. पाणपक्ष्यांत बर्ड फ्लूची शक्यता असते. एकाच जागी बरेच मेलेले दिसले तर ताबडतोब वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर कळवा. जाळ्यात अडकलेला पक्षी दिसला किंवा कुणी शिकार करताना दिसलं तरी तोच क्रमांक. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि अभयारण्यातली शिकार हा गंभीर गुन्हा आहे. स्वतः मध्ये पडून भांडण वाढवू नका.

नोंद ठेवून काय उपयोग?

एका दिवसाच्या नोंदीचा थोडा, दहा वर्षांच्या नोंदीचा फार. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, ती १९८७ पासून सुरू आहे. एकाच जागी, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने मोजलं तर काय कमी होतंय ते कळतं. मोजायची रीत सोपी आहे. थव्यातले दहा मोजा, तेवढा तुकडा डोळ्यांत धरा आणि तसे किती तुकडे ते बघा. वहीत पाण्याची पातळीही लिहा. "चिखल पन्नास पावलं" एवढं लिहिलं तरी पुढच्या वर्षी त्याचा उपयोग होतो.

पैठणला येणं जमत नाही. दुसरीकडे कुठे?

पाणी आहे तिथे पक्षी आहेत. नांदेडकरांनी विष्णुपुरी, परभणी-हिंगोलीच्या मंडळींनी येलदरी आणि सिद्धेश्वर, बीडकरांनी माजलगाव, लातूरकरांनी मांजरा, धाराशिवकरांनी माकणीचा निम्न तेरणा किंवा नळदुर्गच्या किल्ल्याजवळची बोरी. संभाजीनगर शहरात दिल्ली गेटजवळ सलीम अली सरोवर आहे, सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास थांबता येतं. गावचा पाझर तलावही कमी समजू नका. मी पहिला चमच्या पाझर तलावावरच पाहिला. चोच अर्धवट उघडी ठेवून, विळा फिरवावा तशी डावीकडे-उजवीकडे पाण्यात फिरवत तो माझ्या समोरून गेला आणि मी मोजून चाळीस पावलांवर होतो.

मराठी नावं शिकावीत की इंग्रजी?

दोन्ही. नोंदीसाठी इंग्रजी लागतं. पण गावात माहिती मिळते ती मराठीतच, आणि गावागणिक नाव बदलतं. पाणडुबी विचारलं तर कुणी पाणकावळा दाखवेल, कुणी टिबुकली. म्हणून नावासोबत "कसा बसतो, काय खातो" तेही विचारा.

हंगाम कधी संपतो?

मार्चमध्ये. नाथषष्ठीच्या दिंड्या पैठणला पोचतात तोवर पट्टकादंबांचे थवे विरळ झालेले असतात. बदकं टप्प्याटप्प्याने जातात आणि शेवटी रेंगाळणाऱ्या भुवई बदकांचे छोटे थवे एप्रिलपर्यंत दिसतात.

पण तेव्हा काठावर वेगळंच काम सुरू होतं. टिटवी, आर्ली आणि नदी सुरय उघड्या खड्यांत, वाळूत अंडी घालतात. घरटं असं काही नसतंच. तीन-चार ठिपकेदार अंडी, आजूबाजूच्या दगडांच्या रंगाची. टिटवी डोक्यावर ओरडत झेपावायला लागली तर अंडी तुमच्या पायांजवळच आहेत असं समजा. उभे राहा, खाली बघा आणि ज्या पावलांनी आलात त्याच पावलांवर पाय ठेवत मागे फिरा.